नजर वर ठेवून

आमच्या बुलडाण्याकडे शाळेचं गॅदरिंग म्हटलं की स्टेजवर पोरं नाचतात आणि स्टेजखाली मॅडम. पाहुण्यांच्या सोफ्यासमोर, त्यांच्याकडेच पाठ करून, पदर खोचून मॅडम अख्खा नाच नाचते आणि वरची पोरं तिच्याकडे बघत तसंच करतात. शाळांचे नाच बसवताना मी कित्येक वर्षं अशीच नाचले. माझ्या पाठीमुळे किती अध्यक्षांना कार्यक्रम धड दिसला नाही देव जाणे. कुणी तक्रार केली नाही, बहुधा बरंच वाटलं असावं. जळगाव जामोदला जा नाहीतर पिंपळगाव राजाला जा, स्टेजखाली एक मॅडम असणारच. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नव्हतं.

मग चाळिशीच्या तोंडावर मला भरतनाट्यमची पदवी घ्यायची हुक्की आली. सासूबाई म्हणाल्या, "नाचाची कायची परीक्षा वं? येते तं नाच ना." शनिवार-रविवार धाड गावावरून जाणाऱ्या बसनं संभाजीनगर गाठायचं, मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर मांड्या भरून येईपर्यंत अर्ध्या बैठकीत उभं राहायचं आणि सोमवारी पिठाच्या गिरणीवरच्या माझ्या नाचाच्या क्लासचा जिना कठडा धरून चढायचा. घरचे हसायचे. मी म्हणायचे, हसा बाबांनो, एकदा पदवी मिळाली की मला अंगण वाकडं म्हणायचीही सोय राहणार नाही.

तिथल्या आमच्या बाईंना मी एकदा मोठ्या हौसेनं गॅदरिंगचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि फोन परत देत म्हणाल्या, "मुली तुमच्याकडे बघताहेत. समोर बसलेल्यांकडे कोण बघणार?" मला असा राग आला म्हणता! परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात त्यांना एकेक उत्तर देत बसले होते. बुलडाणा यायच्या आत उत्तरं संपली. बाई बरोबर होत्या.

तेव्हापासून माझं शिकवणं बदललं. हात जाईल तिकडे नजर गेली पाहिजे, मान वर पाहिजे, समोरच्या माणसाला डोळ्यांनी बोलावता आलं पाहिजे, हे मी पोरींना रोज सांगायला लागले. आयांना ते पटेना. "गाणं कधी बसवता मॅडम? डोळेच फिरवून राह्यले तुम्ही," असं म्हणत काहींनी पोरी काढून घेतल्या. मी म्हटलं, जाऊ दे, राहतील त्या शिकतील.

राहिलेल्यांत देऊळघाटची एक पोरगी होती, आठवीतली. तिच्या वडिलांचं गावात पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. आधी ती शेवटच्या रांगेत असायची, आहे की नाही ते कळायचंही नाही. तिची नजर वर आली आणि मी शिकवता शिकवता थांबले. ती जिकडे बघेल तिकडे सगळी खोली बघायची. असं मी कुणाचं पाहिलं नव्हतं, माझं स्वतःचं तर नाहीच. मला तिच्यासाठी हाव सुटली. जे मला चाळिशीत मिळालं ते हिला वेळेवर मिळावं, बारावीनंतर हिनं हेच शिकावं, एवढंच डोक्यात. वडिलांशी बोलले तर ते म्हणाले, "या गॅदरिंगले पाहतो मॅडम, मंग ठरवू."

त्या गॅदरिंगला मी स्टेजखाली उभी राहिले नाही. खुर्च्यांमध्ये, तिच्या वडिलांच्या शेजारी जाऊन बसले. गाणं सुरू झालं तसं बाकीच्या पोरींचे डोळे खाली मला शोधू लागले, दोघी एकमेकींवर आदळल्यासुद्धा. हिनं शोधलं नाही. हिनं सरळ लोकांकडे पाहिलं. फुटाणे खाणारे खायचे थांबले. मी उघडउघड रडत होते, लाज वाटली नाही. शेजारी पाहिलं तर वडील स्टेजकडे बघतच नव्हते. ते मान मागे वळवून लोकांचे चेहरे बघत होते. मला वाटलं, अभिमानानं बघत असतील.

दुसऱ्या दिवशी ते क्लासवर आले. चपला बाहेर काढल्या, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"लय चांगली नाचली मॅडम. म्हणूनच आलो."

"म्हणूनच म्हणजे?"

"पहिले पोरी तुमच्याकडे पाहून नाचत. लेकरं वाटत. काल माही पोरगी लोकायकडे पाहून राह्यली होती, अन् लोक तिच्याकडे. सकाळपासून दुकानात जो येते तो तिचंच नाव काढते. वाईट कोणी बोलत नाही. पण कोण कसं पाहते, ते बापाले समजते ना."

मी बोलत सुटले. नजर म्हणजे काय, अभिनय म्हणजे काय, परीक्षेत लिहिलेलं सगळं त्यांच्यापुढे ओतलं. डॉक्टरांचं ऐकावं तसं त्यांनी हात बांधून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं खरं असन. पण पहिल्यासारखं खाली उभं राहून शिकवसान तं धाडतो. नाही तं राहू द्या."

ते भांडले असते तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. पण ते तसेच उभे होते, आणि त्यांना वाटणारी भीती खोटी आहे असं मला म्हणता येईना. मीही याच जिल्ह्यात वाढलेली बाई आहे. नाही म्हटलं तर पोरगी गेली. मी हो म्हटलं. त्या होकाराचा मला आजही संताप येतो, आणि आज ते पुन्हा आले तरी मी होच म्हणेन.

आता मी पुन्हा पदर खोचून खाली उभी असते. पोरी खूश, आया खूश, क्लास भरलेला. ती शेवटच्या रांगेत असते आणि माझ्या पायांकडे बघून नाचते. एक पाऊल चुकत नाही तिचं. शिकल्याचा असा पश्चात्ताप कुणाला होत असेल का, मला माहीत नाही. मला होतो, आणि शिकलेलं विसरता तर येत नाही.

परवा क्लास सुटला, बाकीच्या गेल्या, तिची ऑटो यायची होती. खाली गिरणीही बंद होती. मी दार लावलं आणि म्हटलं, "आता इथं कोणी नाही. एकदा नजर वर ठेवून कर. माझ्यासाठी कर."

ती उठली, उभी राहिली. बैठक माझ्याहून चांगली, हात जिथल्या तिथे. डोळे फरशीवर. मी पुन्हा म्हटलं, "वर बघ ना गं."

तिनं मान हलवली.

"नको मॅडम," ती म्हणाली. "सवय लागन."