पदराखालचा अंधार

कळव्यात आम्ही पहिलं स्वतःचं घर घेतलं तेव्हा जिन्यात दिवा नव्हता. म्हणून मी ठाण्याच्या बाजारात बॅटरी घ्यायला गेले. भर दुपारच्या उन्हात हातगाडीवरच्या सगळ्या बॅटऱ्या सारख्याच मिणमिणत होत्या.

शेजारी एक कोळीण उभी होती, रिकामी पाटी काखेत. तिला रात्री खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायला लांब उजेडाची बॅटरी हवी होती. तिने एक लांबलचक बॅटरी उचलली, पदर डोक्यावरून खाली ओढला आणि आत अंधार केला. मग मलाही आत घेतलं.

"बग गो बाय." तिच्या तळहातावर उजेड पडला होता. "मधला ठिपका घट्ट हाय ना, मंजे लांब जाईल."

बाहेरून गाडीवाला म्हणाला, "मावशी, घ्यायचीय की लपाछपी खेळायचीय?" आम्हा दोघींना हसू आवरेना.

मीही तसलीच मोठी उचलली. तिने ती परत ठेवली आणि किल्लीला अडकवायचा बोटाएवढा दिवा माझ्या हातात दिला.

"तुला काय चिंबोऱ्या धरायच्यात? कुलपाचं भोक दिसलं का झालं." मग तसाच दुसरा उचलून म्हणाली, "मना पन एक घेते. खाडीवरनं येते नि रोज दाराला शिव्या घालते."

घरी पोचले तर जिन्यात अजून ऊन होतं. मी डोक्यावरून पदर ओढला आणि नवं कुलूप चारदा उघडलं. चौथ्यांदा समोरच्या काकूंनी दार उघडून "काय गं हे?" विचारलं.

मी त्यांनाही पदराखाली घेतलं.