दोन डाव्या बाह्या

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. खडूची रेघ एकदा मारली की पुसायची नाही, असा त्यांचा हात. काज-बटणं त्यांची बायको करते. मुलीचं लग्न उरकल्यावर थोडे पैसे राहिले, ते दहा वर्षं विसरून जायचे म्हणून मास्तरांनी शेअर घेतले. त्यासाठी फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं.

ते अ‍ॅप विसरू देईना. भाव हलला की फोन थरथरायचा. ‘तुमचा शेअर पडतोय! हजारो लोक विकताहेत!’ हिरवी पट्टी अंगठ्याने सरकवली की सौदा झाला, आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस. दर सौद्याला कापली जाणारी दलाली मात्र बारीक करड्या अक्षरांत. सकाळी विकलेलं मास्तर दुपारी महाग घ्यायचे.

“मी तीन हाका मारल्या तरी ओ नाही, आणि तो फोन नुसता कण्हला की धावता,” बायको म्हणायची.

“तुझा भाव कुठे पडतोय!” मास्तर हसायचे.

माझ्या थोरल्या भावाने कोटाचं कापड घेऊन ठेवलं होतं. तो गेला, आणि तसं कापड आता मिळत नाही. ते मी मास्तरांकडे नेलं. एक बाही कापून झाली आणि फोन थरथरला. मास्तरांनी पट्टी सरकवली, परत आले, दुसरी कापली.

बायकोने दोन्ही तुकडे शेजारी धरले. “अहो, दोन्ही डाव्या.”

दुसऱ्या बाहीसाठी कागदी नमुना पालथा घालायचा राहिला होता. मास्तरांचा चेहरा उतरला.

“एकीची उलटी बाजू बाहेर घेतली तर?” मी चाचरत विचारलं.

“काका, ती फिकी आहे. लोक मला हसतील, तुम्हाला नाही,” मास्तर म्हणाले.

उरलेल्या कापडात एक बाही जेमतेम बसत होती. आता चुकलं तर कोट नाही.

“आधी त्याचं तोंड बंद करा,” बायको म्हणाली.

मास्तरांनी खटपट केली. ‘सूचना बंद करायच्या? मोठी संधी हुकेल!’ खाली भलंमोठं हिरवं बटण. सवयीने अंगठा त्याच्यावरच पडला. ते ‘चालू ठेवा’ होतं.

“राहू दे. तोटा भरून निघाला की काढूनच टाकतो.”

“गेल्या महिन्यातही हेच म्हणालात.”

मास्तरांनी नमुना पालथा घातला, रेघ मारली, कातर उघडली. फोन थरथरला. कातर कापडाच्या कडेला थांबली. पुन्हा थरथरला. मास्तरांनी कातर खाली ठेवली आणि वळले.

बायकोने ती उचलली. तिला कापड कापताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“अगं, तू?”

“रेघ तुमचीच आहे. कापड सरकतंय, धरा.”

“एक मिनिट, हा भाव...”

कातर चालू झालीच होती. मास्तर झेपावले आणि दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरलं. फोन पुन्हा थरथरला. त्यांची नजर तिकडे गेली.

“इकडे बघा. वळणाशी मला जमायचं नाही.”

“पातं उचलू नकोस,” मास्तर म्हणाले. “हं, सावकाश. तसंच.”

बाही उजवी निघाली. मास्तरांनी नंतर भाव पाहिलाच. पण तोवर विकायची वेळ टळली होती, म्हणून विकलं नाही.