पळता पळता सांगितलेलं भरीत

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या आमच्या वनखात्याच्या नाक्यावर होते. तिथे फोन लागत नाही. संध्याकाळी जीप खाली उतरली, केळीच्या बागा सुरू झाल्या, तशी रेंज आली आणि माझ्याबरोबर पळणाऱ्या सलीमचा निरोप दिसला. ‘आबा गेले. दुपारी. झोपेतच.’ जीप चालवणाऱ्या भाऊंनी विचारलं, “कोण होते?” मी म्हटलं, “आमचे पळायचे सर.” ते “अरेरे” म्हणाले. मला मात्र वाटत राहिलं, की हे उत्तर अपुरं झालं. आबांना अपुरं उत्तर चालत नसे. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आबा भडगावच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावरही त्यांना घरी बसवेना. पहाटे गिरणा नदीकडच्या पाटाच्या रस्त्यावर येऊन ते एका मोरीच्या कठड्यावर बसायचे. पोलीस, सैन्य, वनखातं अशा भरत्यांची तयारी करणारी गावातली मुलंमुली तिथेच पळायची. मी त्यांतलीच एक. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. बी.ए.चा निकाल त्यांनी देवापुढे ठेवला होता. पण पुढे काय, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि तीन किलोमीटर धावण्यात मी मागे पडले तेव्हा सगळे आपापल्या कामाला लागले. काही दिवसांनी नाना एवढंच म्हणाले, “अजून एक डाव बघ. मग मात्र पाहुण्यांना हो म्हणू.”

दुसऱ्या डावासाठी मी आधीपेक्षा जोरात पळू लागले. आमच्याकडे सगळेच तसं करायचे. रोज पहाटे घड्याळ लावायचं, जीव खाऊन पळायचं आणि शेवटी रस्त्याच्या कडेला वाकून ओकारी काढायची. ज्याला ओकारी आली त्याने खरी मेहनत केली, असा समज होता. माझ्या नडग्या ठणकायच्या आणि वेळ मात्र तीच यायची, कधी उलट वाढायची. एका सकाळी मी अशीच गुडघ्यांवर हात ठेवून उभी होते, तेव्हा कठड्यावरून आवाज आला, “बेटा, रोज परीक्षाच देतेस. अभ्यास कधी करशील?”

मग त्यांनी विचारलं, “आज घरी काय भाजी?”

मी कशीबशी म्हटलं, “वांगं.”

“एका शब्दाचं उत्तर. म्हणजे दम संपला. आता चालत जा. उद्यापासून पळता पळता मला सगळं भरीत सांगायचं. वाक्य तुटलं, की पाय हळू.”

दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू झालं. आबा मोडक्या सायकलवरून बाजूने यायचे आणि मी सांगायचे... हिरवी, मोठी वांगी घ्यायची. कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, पेटवायची. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची. सोलून बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचायची. मिरची आणि लसूण आधी भाजून घ्यायचा. तेवढ्यात माझं वाक्य तुटायचं. आबा सायकलवरून पाय टेकायचे आणि म्हणायचे, “लसणापर्यंत आलीस. चाल आता.” सुरुवातीला मला लसणाच्या पुढे जाता येत नव्हतं. इतकं हळू पळावं लागायचं, की बाजूने डोक्यावर चारा घेऊन चाललेल्या बाया पुढे जायच्या. मी पळतेय की फिरतेय, असं एकीने दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, “हाई पोर पयी ऱ्हायनी का फिरी ऱ्हायनी?” दुसरी म्हणाली, “सैपाक सांगी ऱ्हायनी.” दोघी हसल्या. आबाही हसले. मला मात्र रडू येत होतं, कारण भरती जवळ येत होती आणि मी गावातली सगळ्यात हळू पळणारी मुलगी झाले होते.

सलीम आमच्यात सर्वांत हुशार. त्याचे वडील बाजारात चपलांचं दुकान चालवायचे आणि त्याला सैन्यात जायचं होतं. त्याने बिर्याणी निवडली. तांदूळ भिजवण्यापासून सुरुवात करून तो मसाल्याचे पदार्थ एकेक करून मोजायचा, मुद्दाम घोळवायचा. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सलीम, बिर्याणीला दम लागला, पण तुला नाही लागला. उद्यापासून एक पूल पुढे जायचं.”

आबांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला होता. आम्हाला वाटायचं, भाजीचा प्रश्न म्हणजे नुसती दम तपासायची युक्ती. एकदा मी त्यांना डबा द्यायला घरी गेले, तर ओट्यावर बडगी होती आणि आबा भरीत ठेचत होते. “तू दाणे कधी घालायचे ते सांगितलं नाहीस,” ते म्हणाले, “वाक्य तुटलं होतं.” मी दाण्यांचं सांगितलं. त्यांनी टोमॅटो घालू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “मग उद्या सलीमला हे सांगू नको. तो भरितात टोमॅटो घालतो.”

एका रात्री नाना चिडले. गावात लोक काय काय बोलत होते. ते थेट आबांच्या घरी गेले, मागून मी. नाना म्हणाले, “आबा, पोर गप्पा मारत फिरते. एकच डाव शिल्लक आहे.” आबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “नाना, कपाशीला ठिबक का केलं? पाट सोडत होते तेच बरं होतं की.” नाना म्हणाले, “पाटाचं पाणी वरच्या वर जास. मुळीले लागत नही.” आबा म्हणाले, “मग झालं तर. हिचं आता ठिबक चालू शे.” नाना पाणी पिऊन उठले. दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे उठवायला तेच येऊ लागले.

आठवड्यातून एक दिवस मात्र बोलणं बंद असायचं. त्या दिवशी एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत जोरात पळायचं, चालत परत यायचं, पुन्हा पळायचं. बाकी सगळे दिवस भाजी. हळूहळू माझं भरीत कांद्याच्या पातीपर्यंत पोहोचलं, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपर्यंत. मग एके दिवशी वाढून, जेवून, भांडी घासूनही झाली आणि पूल अजून यायचा होता. पाय तेच होते, रस्ता तोच, पण मी चारा नेणाऱ्या बायांच्या पुढे कधी गेले ते माझ्या लक्षातच आलं नाही.

धावण्याची चाचणी धुळ्याला होती. आम्ही तिघे एसटीने गेलो. नाना आणि आबा मैदानाच्या जाळीबाहेर उभे राहिले. सुटल्याबरोबर सगळ्या मुली उधळल्या आणि मी शेवटून दुसरी होते. जाळीबाहेर काय चाललं होतं ते नानांनीच नंतर सांगितलं. ते आबांचा दंड धरून म्हणाले होते, “आबा, पोर बठ्ठास्ना मांगे शे.” आबा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, नाना.” मधल्या फेऱ्यांत एकेक मुलगी मला मागे सोडता आली. मी जोर वाढवला नव्हता, त्या थकत होत्या. शेवटच्या फेरीला जाळीजवळून जाताना आबांचा आवाज आला, “काय भाजी?”

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एकही नाही. पाठीमागून त्यांचं ऐकू आलं, “शाब्बास. आज सांगू नको.”

यादीत नाव आलं. नाना पेढे घेऊन आबांकडे गेले आणि दोघे बराच वेळ कपाशीबद्दल बोलत बसले.

गेल्या दोन वर्षांत आबांची फुप्फुसं ताठर होत गेली. त्याला फारसा उपाय नसतो, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दिवाळीनंतर मी भेटायला गेले, तेव्हा खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. न्हाणीपर्यंत जाऊन आले तरी त्यांना खूप वेळ बोलता येत नसे. मी खाटेच्या कडेला टेकले. म्हटलं, “आबा, आज काय भाजी?”

ते हसले. “भरीत,” म्हणाले. मग थांबून, “वांगी... हिरवी...” पुन्हा थांबून, “काड्यांवर...” मी म्हटलं, “राहू द्या.” त्यांनी हात वर करून मला थांबवलं. लसणापर्यंत आले. मग डोळे मिटून म्हणाले, “तुटलं... आता... चालायचं.”

दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा घर आवरत होता. मला म्हणाला, “ताई, आबांची काही वस्तू हवी असेल तर घ्या.” कपाटात पदकं होती, शिट्टी होती. मी बडगी मागितली. त्याला नवल वाटलं. आबा स्वतः भरीत करत, हे त्याला माहीत नव्हतं.

बडगी आता यावलला माझ्या खोलीत ओट्यावर आहे. पहाटे केळीच्या बागांमधून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी अजून पळते, आणि बाजूला कुणी नसलं तरी मोठ्याने सांगते. वांगी हिरवी घ्यायची, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजायची... पुढे चढ लागतो. तिथे बहुतेक वेळा लसणाशी वाक्य तुटतं. मग मी चालायला लागते.