हिरव्याचा उमेदवार

तुळशीदास मास्तरांना जिव्या फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सूर्यमाळच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर मास्तर अकरा वर्षं होते आणि जिव्याचं घर शाळेच्या मागे, दोन बांध ओलांडले की. माणूस रोज दिसायचा. तरी त्याला भावंडं किती, त्याची बायको बायडी कुठल्या गावची, राग आला की तो काय करतो, यातलं काहीच मास्तरांना सांगता आलं नसतं. मतदार यादीत त्याचं वय त्रेपन्न लावलं होतं. ते मास्तरांनीच लिहिलं होतं, त्याच्या तोंडाकडे बघून.

माहीत होता तो त्याचा झिरा. पाड्याच्या वर, उतारावरच्या जंगलाच्या पायाशी एक जुना उंबर होता आणि त्याच्या मुळाशी हातभर खोल खड्ड्यात पाणी झिरपायचं. जिव्या रोज सकाळी तिथे जाऊन पडलेली पानं हाताने काढायचा आणि दगडावर बसायचा. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याचा एकच नियम होता. हंडा पाण्यात बुडवायचा नाही, वाटीने भरायचा. हंडा बुडवला की तळ ढवळतो, गाळ वर येतो, मग पुढच्या बाईने थांबायचं. वैशाखात एक हंडा भरायला तासभर लागायचा, पण पाणी असायचं. आसपासच्या पाड्यांवर टँकर यायचा तेव्हाही या पाड्यावर वाटी चालू असायची.

पाड्यावरची माणसं मास्तरांना अरे-तुरे करत. मास्तर पोशेरा गावच्या शेतकरी घरातलेच, पण शिकून आलेले. पहिल्या वर्षी त्यांना ते टोचलं. पुढे पुढे कोणी 'तुम्ही' म्हटलं की त्यांना वाटायचं, हा आता काहीतरी मागणार.

दोन हजार एकच्या थंडीत उतारावरच्या झाडांवर आकडे पडले. जिव्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"गुरजी, झाडांवर काय लिवलंय ते बघ जरा."

मास्तर त्याच्याबरोबर गेले. साल तासून पांढऱ्या रंगात आकडे घातले होते.

"पुढच्या वर्षी इथे तोड आहे. जंगलखात्याचा कूप पडणार."

"उंबराच्या वरची पन?"

"उंबर सोडलाय. वरची सगळी धरलीत."

जिव्याने वर बघितलं. "वरची गेली तर झिरा कशावर राहील?"

मास्तर म्हणाले की हे सगळं रीतसर असतं, कागदावर ठरलेलं असतं.

महिनाभराने ठाण्याहून नीता नावाची एक बाई आली. खांद्याला झोळी, पायात कापडी बूट. हरित लोकपक्ष नावाचा नवा पक्ष होता, त्याची ती कार्यकर्ती. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती आणि गणातली जागा आदिवासींसाठी राखीव होती. मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. नीताने पक्षाचं नाव सांगितलं आणि सोपं करावं म्हणून म्हणाली, "आमचा हिरवा पक्ष."

हे ऐकून बायका सावरून बसल्या. या भागात हिरवा म्हणजे घरातला देव. मोरपिसांचा जुडगा दुरडीत ठेवून त्याची पूजा करतात. धोंडीबाई पाड्यावरची सगळ्यांत म्हातारी. तिने विचारलं, "बाय, ह्यो हिरवा कोनाच्या घरचा?"

"सगळ्यांचाच आहे, आजी."

"सगल्यांचा कसा? ज्याच्या घरी बसवला त्याचा."

नीताला वाटलं, आजी जमिनीबद्दल बोलतेय. तिने ते कौतुकाने वहीत लिहून घेतलं. मास्तर मागे उभे होते. मधे पडून सांगावं असं त्यांना वाटलं, पण बोलायचा धीर झाला नाही, आणि तोवर बोलणं पुढे गेलं होतं.

नीता चांगलं बोलली. ती म्हणाली, जंगल राखायचं म्हणजे माणसं हाकलायची असं आम्ही म्हणत नाही. जो जंगलात राहतो त्यानेच ते राखलंय. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं घ्यायचं, पाणी आधी कोणाला, हे गावाने बसून ठरवावं. तुमच्या डोंगरातलं पाणी धरणातून मुंबईला जातं आणि तुम्ही वाटीने हंडा भरता, हे आम्हाला पटत नाही. पंचायत समितीत आपला माणूस असला तर सभेत ठराव मांडता येईल, की ही तोड झऱ्याच्या वर नको, दुसऱ्या अंगाला न्या. मग तिने विचारलं, "उभं कोण राहील?"

जिव्या बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मी राहीन."

"कशासाठी, ते पण सांगा सगळ्यांना."

"झिऱ्यासाठी," जिव्या म्हणाला. त्याला वाटलं असावं, एवढं पुरे.

नीताने पत्रकं वाटली. बायडीने आपलं पत्रक कपाळाला लावलं आणि घरी नेऊन हिरव्याच्या दुरडीत ठेवलं. मास्तरांनाही एक मिळालं. पहिल्या पानावर झाडाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'झाड वाचेल तर गाव वाचेल'. मास्तरांनी घडी करून ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आतलं पान उघडायचं राहून गेलं. उद्या बघू म्हणत राहिलं.

दुसऱ्या बाजूचा प्रचार पांड्याकडे होता. खोडाळ्यात त्याचं किराणा दुकान होतं, माणूस हसतमुख. मतदानाला आठ दिवस असताना तो पाड्यावर आला. पुन्हा मोहाखाली सगळे जमले, जिव्याही येऊन बसला. पांड्याने त्याला विडी दिली आणि मगच सुरुवात केली.

"तर हा जिव्या. झाडांचा पक्ष, आन निशानी काय, तर शेगडी." लोक हसले. "झाडं जालून भाकर करनार काय रे?"

"सरकारनं दिली ती घेतली," जिव्या म्हणाला. "कुराड मागितली असती तर तूच भ्यायला असतास."

"बरं. पन हे ठान्याचे लोक, त्यांना झाडं पायजेत, तुमी नाय. आज झाडं, उद्या वाघ आनून सोडतील."

"सोडू दे की," जिव्या म्हणाला. "त्याला पन रेशन कार्ड काढून देऊ. मंग त्यालाबी कलेल, महिन्याला काय मिलतं."

हसणं त्याच्या बाजूने झालं. धोंडीबाईलासुद्धा हसू आलं. पांड्याही हसला, आणि हसणं ओसरल्यावर शांतपणे म्हणाला, "आता राबाचं बोल."

पाड्यावर नागली आणि भात लावायचं तर आधी राब भाजावा लागतो. थंडीत ऐनाच्या झाडावर चढून टहाळ, म्हणजे बारक्या फांद्या, तोडायच्या. वाळल्या की शेताच्या एका तुकड्यात त्या शेणापाचोळ्यावर पसरून वैशाखात पेटवायच्या. त्या भाजलेल्या जमिनीत रोप येतं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचं खाणं नाही. राबाला हात लावू न देणारा माणूस देवाचा असला तरी पाड्याला चालला नसता.

"टहाल तोडू देनार का तुजे लोक?"

"देनार. बाई बोलली तसा."

"बोलली. लिवलंय का कुठं?" पांड्याने मान वळवली. "गुरजीकडं कागद हाय. गुरजी, तू सांग. तू शिकलेला, तू आमचाही नाय आन त्याचाही नाय."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. इतक्या वर्षांत एवढ्या लोकांनी एकदम त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. सरकारी नोकराने निवडणुकीत बोलू नये, एवढं म्हटलं असतं तरी सुटका झाली असती. पत्रक खिशात होतं. चष्मा शाळेत होता. आतलं पान वाचलेलं नाही, हे लोकांसमोर म्हणायची त्यांना लाज वाटली. मास्तरांना वर्गात गणित शिकवताना एक सवय होती. मुलांना काही समजलं नाही की ते म्हणायचे, धरून चाला. तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"झाडांचा पक्ष आहे म्हटल्यावर झाडाला हात लावू देणार नाहीत, असंच धरून चाला."

जिव्याने तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं. हातातली विडी विझली होती, ती कानावर ठेवून तो उठला आणि झिऱ्याच्या वाटेने वर गेला. पांड्या पुढे फार बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

मतदान मास्तरांच्याच शाळेत झालं. मास्तरांची नेमणूक दुसऱ्या केंद्रावर होती, त्यांचं मत तर पोशेऱ्यालाच. पाड्यावरून शेगडीला चार मतं पडली. त्यातलं एक जिव्याचं आणि एक बायडीचं. उरलेली दोन कोणाची, याचा मास्तर कधी कधी विचार करायचे. नीता निकालाला आली नव्हती. नंतर तिचं एक पोस्टकार्ड आलं, जिव्याच्या नावाने. मास्तरांनी ते वाचून दाखवलं. 'खचू नका' असं लिहिलं होतं. जिव्याने कार्ड घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

पुढच्या थंडीत तोड झाली. ट्रक शाळेवरून जायचे, मुलं पाढे म्हणायची थांबायची. सगळं रीतसर होतं. त्या वर्षी झिरा चैत्रातच थांबला. आठवड्यातून दोनदा टँकर यायला लागला आणि टँकरपाशी हंडे घेऊन धावायचं असतं, तिथे वाटीचं काम नव्हतं. जिव्या तरीही सकाळी वर जायचा. कोरड्या खड्ड्यातली पानं काढायचा आणि थोडा वेळ बसून यायचा. मास्तर शाळेच्या खिडकीतून बघायचे. तो कधीतरी काहीतरी बोलेल, टोमणा मारेल, म्हणून ते वाट बघत होते. टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं. तो आला नाही. भेटला की नेहमीसारखंच बोलायचा.

जूनमध्ये मास्तरांची बदली जव्हारकडे झाली. पुढच्या माघात ते काही कामाने खोडाळ्यात उतरले होते, चहाच्या टपरीवर पांड्या भेटला.

"जिव्या गेला, गुरजी."

"कुठे?"

"मेला. भिवंडीकडं इटभट्टीवर गेलेला दिवालीनंतर. ताप डोक्यात गेला." पांड्याने बशी फुंकली. "चांगला होता. मस्करी बरी करायचा."

मास्तरांनी चहा पूर्ण प्यायला. पैसे पांड्याने दिले. मग जव्हारची गाडी न घेता ते सूर्यमाळच्या जीपमध्ये बसले. का बसले, त्यांनाही कळलं नाही.

बायडी ओटीवर वाल सोलत होती. तिने बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. पाणी टँकरचं होतं, त्याला पिंपाचा वास होता. मास्तरांनी उगाच विचारलं, "तो कागद आहे का गं अजून? त्या बाईने दिलेला?"

"हाय की. हिरव्याजवल." तिने आत जाऊन दुरडीतून पत्रक आणलं. मोरपिसाचा एक तंतू त्याला चिकटला होता. "वाच, पन फाडू नको. परत ठेवायचाय."

या खेपेला चष्मा होता. मास्तरांनी आतलं पान उघडलं. आठ मुद्दे होते. तिसरा असा: राबासाठी टहाळ आणि जळणासाठी लाकूड घेण्याचा हक्क गावाचा राहील, किती घ्यायचं ते गाव ठरवेल. मास्तरांनी ते दोनदा वाचलं.

"काय लिवलाय?" बायडीने विचारलं.

"राबाला टहाळ तोडायचा हक्क गावाचा, असं आहे."

"हां. ह्यो पन तसाच सांगत होता."

"मग त्या दिवशी का नाही बोलला? सगळ्यांसमोर?"

बायडीने दोन-तीन शेंगा सोलल्या. "तू गुरजी," ती म्हणाली. "तुज्यासमोर तो काय बोलनार? त्याला वाचता कुठं येत होता?"

तिने पत्रक घेतलं, घडी होती तशी घातली आणि आत ठेवून आली. मास्तर उठले. जीप सुटायला वेळ होता, म्हणून ते शाळेच्या पायरीवर येऊन बसले. नवा मास्तर रजेवर होता, दाराला कुलूप होतं. जिव्याशी शेवटचं बोलणं याच पायरीवर झालं होतं, ते त्यांना आठवलं. मागच्या वैशाखातली गोष्ट. मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शाळा बंद करत होते आणि जिव्या बांधावरून आला, पाठीला वाळल्या टहाळाचा शेवटचा भारा.

"गुरजी, पेटी हाय का? माजी घामानं भिजली."

मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढून दिली. "राब लावतोस?"

"हां. वारा पडलाय, आताच लावतो."

"टहाळ कुठून आणलास?"

"पल्याडच्या डोंगरातून. दोन दिस गेले."

"बरं. पेटी ठेव तुझ्याकडेच."

"नको," जिव्या म्हणाला. "येताना देतो."