टाकीत हवा होती

आमच्या माळेगावच्या मळ्यातल्या विहिरीत आबांनी किती जणांना पोहायला शिकवलं, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आबा म्हणजे माझे वडील, पण गावात लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळीच मुलं पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून यायची आणि काठावर कुडकुडत उभी राहायची. आबा आधी ढकलायचे आणि मग विचारायचे, "भ्या वाटतंय का?" मुलींनाही शिकवतात म्हणून भावकीतले काही जण नाकं मुरडायचे. पुढं त्यांच्याच नाती आबांकडे शिकायला आल्या, तेव्हा आबांनी त्यांनाही त्याच मायेनं ढकललं.

कॅन सुटला, हातपाय चालू लागले, की परीक्षा. तळाशी जाऊन मूठभर गाळ आणायचा. बुडी मारली की आबा काठावरून मोठ्यानं आकडे मोजायचे. पाण्याखाली ते ऐकू यायचे नाहीत, पण वर आबा मोजताहेत एवढं माहीत असायचं, आणि त्यावरच जीव तग धरायचा. नियम एकच होता. "खाली काय बी झालं, पाय अडकला, नाकात पाणी गेलं, तरी दम सोडायचा न्हाय. दम धरायचा, तळाला लाथ मारायची आन् सरळ वर यायचं." त्या नियमानं आमच्या विहिरीत कधी कुणाला इजा झाली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं त्यानंतर मलाही त्याचा विसर पडायला लागला होता.

माझा धाकटा भाऊ आबांचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी. तो इतका वेळ खाली राहायचा की मी काठावर रडकुंडीला यायचे, आणि वर आला की गाळाची मूठ माझ्या परकरावर मारून दात काढायचा. मोठा झाल्यावर कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली की त्यालाच बोलावणं. मग कालव्यात कुणी वाहून गेलं तरी त्यालाच. तसा कुणाला काढून आला की तो दोन-दोन दिवस धड जेवायचा नाही. बायको चिडायची, परत जाऊ नका म्हणायची. फोन वाजला की हा चपला घालून तयार.

मी लग्न होऊन लासुर्ण्याला आले. आमची ऊस रोपांची नर्सरी आहे. एकदा भाऊ आला असताना ट्रेमध्ये उसाचे डोळे लावत बसला होता, आणि मधेच म्हणाला, "आक्का, माणूस खाली दिसतंय, हात लागायला येतोय, आन् माजा दम संपतो. सोडून वर यावं लागतं." मी पुढचा ट्रे त्याच्याकडं सरकवला. त्यामुळं आजूबाजूच्या तरुणांनी मिळून बुडालेल्यांना काढायचं पथक उभं केलं, आणि टाकी लावून पाण्याखाली जायचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात त्याचा वर गेला.

शिकवायला कोकणातला एक तरुण आला होता. आधी पोहण्याच्या तलावात, मग इंदापूरच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यात सराव. तेवढे दिवस भाऊ आमच्याकडेच मुक्कामाला होता. रात्री जेवताना त्याच्या गप्पा संपायच्या नाहीत. "त्यो मास्तर म्हणतो, खाली श्वास चालू ठिवायचा, कवाच थांबवायचा न्हाय. माज्या अंगातच न्हाय ते. खाली गेलो की आपोआप दम धरला जातो. लय ओरडतो माज्यावर."

"आबांना सांगू नकोस," मी म्हणाले, "शाळेतून नाव काढतील तुझं." आम्ही सगळे हसलो. तोही हसला, आणि अजून एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपांना पाणी देत होते तेव्हा फोन आला. पाण्याखाली त्याच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. घाबरून जाईल असा तो नव्हताच. त्यानं तळाला लाथ मारली आणि सुसाट वर आला. सरावासाठी आणलेली नाव दोन हातांवर होती. हात उंच करून ठीक आहे अशी खूण केली, नावेची कड धरली, आणि मग हात सुटला. मी इंदापूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे केससुद्धा वाळलेले नव्हते.

शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी घरच्या कुणाला तरी आत बोलावलं. आबा बाहेरच्या बाकावरून उठत नव्हते, म्हणून मी गेले. "पाणी नाहीये फुप्फुसात," डॉक्टर म्हणाले, "ते बुडाले नाहीत." मला आधी बरंच वाटलं, वेड्यासारखं. जणू त्याची अब्रू वाचली. मग त्यांनी समजावून सांगितलं. टाकीतली हवा खाली, पाण्याच्या दाबात घेतलेली असते. वर येताना दाब कमी होतो आणि ती हवा फुगते. श्वास चालू असेल तर ती बाहेर पडते. श्वास धरून ठेवला तर छातीतच फुगते, आणि फुप्फुस फाटतं. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत घेऊन जातो, ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. म्हणून विहिरीत दम धरणारा वाचतो. ऐकता ऐकता मला आबांचे आकडे ऐकू यायला लागले, आणि मी डॉक्टरांना म्हणाले, "हे बाहेर कुणाला सांगू नका."

दहाव्याला आमच्याकडे भाषणं होतात. माणूस कुठल्याही कारणानं जावो, माईक येतोच. त्या दिवशीही घाटावर एकामागून एक पुढारी उठले. पट्टीचा पोहणारा, पाण्याचा राजा, तालुक्याची हानी. भाऊ जिवंत असताना, ओल्या चपलांनी दारात आला म्हणून त्याला हिणवणाराही बोलून गेला. शेवटच्यानं आवाज चढवला. असा पोहणारा बुडूच शकत नाही, टाकीच सदोष होती, शिकवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्याशिवाय आपण गप्प बसायचं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मी आबांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता. त्यांना धरायला काहीतरी मिळालं होतं.

"टाकीत हवाच न्हवती," घरी आल्यावर ते म्हणाले. मग दिवसभर, येईल त्याला तेच. "तसं नसतं तर माजा पोरगा असा जाणारच न्हाय." डॉक्टरांच्या अहवालात दोष कुणाचा ते नव्हतं, म्हणून पोलिसांना त्यांचा जबाब घ्यायचा होता. तेवढ्यावर त्या कोकणातल्या तरुणाचं पुढचं सगळं अवलंबून होतं. त्याचं शिकवणं तेव्हाच बंद पडलं होतं, गावातली मुलं त्याला शोधायला गेली होती असंही कानावर आलं.

मी भावजयीला चुलीपाशी गाठून डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. ती राख सारखी करत राहिली.

"आबास्नी न्हाय सांगायचं, वन्सं," ती म्हणाली. "एक गेला. दुसरं कुणी घालवायचं न्हाय मला."

"आणि तो पोरगा तुरुंगात गेला तर?"

"जाऊ दे की. त्याचं घर हाय, आईबाप असतील, सोडवतील. माज्या माणसाला कोण सोडवून आणणार हाय?"

मला तिचा राग आला आणि तिचं पटलंही. बापानं प्रेमानं शिकवलेल्या गोष्टीनंच मुलगा गेला, हे बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर एका निरपराध माणसाला चिखलात लोटायचं. मी लासुर्ण्याला गेले, परत माळेगावला आले, परत गेले. प्रत्येक वेळी एसटीत ठरवायचे की आज सांगते, आणि मळ्याच्या वाटेला लागले की ते उद्यावर ढकलायचे.

मग तो तरुण स्वतःच आला. जाऊ नको म्हणून त्याला सगळ्यांनी सांगितलं असणार, तरी आला. ओसरीवर उभं राहून त्यानं हात जोडले. मला वाटलं, आबा आता त्याच्या अंगावर धावून जातात. आबा म्हणाले, "तसली टाकी हाय तुज्याकडं?"

त्या दिवशीची टाकी पोलिसांनी नेली होती. दुसरी त्याच्या गाडीत होती.

"चल हिरीवर. जबाबाच्या आधी मला बघायचीय."

तो माझ्याकडे पाहू लागला. आबांनी सदरा काढला आणि विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. तरुण घाईघाईनं मागे गेला. छातीभर पाण्यापलीकडं जायचं नाही, हात सोडायचा नाही, एवढं त्यानं कबूल करून घेतलं. टाकी पायरीवर टेकवली, नळी आबांच्या तोंडात दिली आणि म्हणाला, "काका, फक्त डोकं खाली घ्या आणि श्वास घेत राहा. तुमचे बुडबुडे वर यायला लागतील."

आबा खाली गेले. मी आणि भावजय काठावर होतो. पाणी स्थिर होतं. बुडबुडा येईना. तरुणानं त्यांचा खांदा थोपटला, ते वर आले.

"काका, श्वास थांबवलात तुम्ही."

"न्हाय, घेतो की," आबा म्हणाले, आणि परत खाली गेले.

पुन्हा पाणी स्थिर. आम्ही काठावरून बघत होतो आणि माझे ओठ आपोआप आकडे मोजायला लागले होते. भावजयीनं माझा दंड घट्ट धरला. आबा वर आले, तोंडातली नळी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि कुणी न सांगता तिसऱ्यांदा गेले. या वेळी ते झगडत होते, हे पाठीवरून दिसत होतं. मान ताणली जात होती, खांदे उचलले जात होते. पण एक बुडबुडा आला नाही. सगळा जन्म विहिरीत गेलेला माणूस, पाण्याखाली गेल्यावर त्यांची छाती त्यांचंच ऐकत नव्हती.

ते वर आले आणि पायरीवर बसले. नळीच्या तोंडावरचं बटण तरुणानं दाबलं तशी हवा जोरात सुटली. आबांनी हात पुढं करून स्वतः ते दाबलं, परत दाबलं.

"आन् त्यानं?" त्यांनी विचारलं. "त्यानंबी असंच केलं?"

तरुणानं होय अशी मान हलवली. आबांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय, आबा," मी म्हणाले. इतके दिवस जे शब्द जुळवत होते त्यातलं काहीच लागलं नाही.

मग तो तरुण म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं त्याला. पण त्या दिवशी माझं लक्ष घाबरणाऱ्या मुलांकडे होतं. हा इतका चांगला होता पाण्यात, की मी त्याच्याकडे बघितलंच नाही."

"माजंबी तसंच की," आबा म्हणाले. "जो चांगला पवतो त्याच्याकडं कोण बगतंय?" आणि मग ते रडले. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, ते तिथं पायरीवर ओल्या अंगानं रडले. तो तरुण त्यांच्याशेजारी पाण्यातच बसला.

जबाब द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, टाकीबद्दल तक्रार आहे ना? आबा म्हणाले, "लिवा. टाकीत हवा व्हती. माज्या पोराला ती सोडता आली न्हाय, कारन म्या सोडायला शिकवली न्हवती." लिहिणाऱ्यानं पुढचं वाक्य लिहिलं की नाही, मला माहीत नाही. माईकवर आवाज चढवलेल्या पुढाऱ्यानं नंतर आबांना रामराम घालणं बंद केलं. आबांना ते जाणवलंसुद्धा नाही.

आबांनी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. सुट्टीत मुलं आली आणि फांद्या बघून परत गेली. मी म्हणायचे, आबा, तुमचा नियम विहिरीसाठी खराच होता. ते हं म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे.

फांद्या काढल्या त्या भावजयीनं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. सकाळी बघते तर ही कोयत्यानं फांद्या ओढून बांधावर टाकतेय, हातांना ओरखडे. भावाची मुलगी मागं उभी, पाठीला कॅन. "कालवा दारातनं जातोय," भावजय आबांना म्हणाली. "हिला पवता आलंच पायजे. आन् तुमीच शिकवायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात न्हाय देणार मी."

आबा उठले. या वेळी त्यांनी पोरीला ढकललं नाही. स्वतः आधी पाण्यात उतरले, तिला पायरीवर उभं केलं आणि म्हणाले, "तोंड खाली घाल आन् हवा सोड. बुडबुडं दिसलं पायजेत मला." तिला ते वेड्यासारखं वाटलं. ती खिदळत बुडबुडे काढू लागली. आबा पाण्यापासून वितीवर तोंड आणून बुडबुड्यांकडे बघत होते, आणि बुडबुडे जरा थांबले की तिला दंडाला धरून वर घेत होते. भावजय काठावर बसून हातातले काटे काढत होती.

शेवटी पोरगी जरा जास्त वेळ खाली राहिली. वर येऊन तोंडावरचे केस बाजूला सारत तिनं विचारलं, बापासारखेच दात काढत, "आबा, किती झालं? मोजलं का तुमी?"

"न्हाय," आबा म्हणाले. "आता मोजत न्हाय मी. तू सोड परत."