भुरका

आपल्या अमरावतीत, कॅम्पात, रामेनचं, म्हणजे तुमच्या त्या रश्शातल्या जपानी शेवयांचं, दुकान उघडलं, ही बातमी तुम्हा दोघा नातवंडांना सगळ्यांत आधी मीच कळवायची, असं मी ठरवलं होतं. तिकडे परदेशात दर शनिवारी तुम्ही रामेन खाता, हे मला ठाऊक होतं. अडचण एवढीच की हे मला तुमच्याकडून नाही, अकोल्याच्या आजीकडून कळलं होतं.

गेल्या वर्षी तुमच्या आईची आई सहा महिने तुमच्याकडे राहून आली. आजोबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला येता आलं नाही. परतल्यापासून तिच्या प्रत्येक वाक्यात तुम्ही असता. मी चांगलं हसून ऐकते. फोन ठेवला की गॅसची शेगडी उगाच पुसत बसते.

म्हणून तिला मुद्दाम अकोल्याहून रामेन खायला बोलावलं. म्हटलं, या खेपेला यजमान मी. चार दिवस रोज दुपारी, जेवायच्या काड्या म्हणून, स्वेटर विणायच्या सुया घेऊन उकडलेल्या शेवया उचलायचा सराव केला. मोबाइलवर बघून बोटं कशी धरायची ते वहीत लिहून काढलं. आजोबा म्हणाले, "परीक्षा कधी आहे?" मी वहीचं पान उलटलं.

रविवारी सकाळच्या बसने ती आली, हातात मोगऱ्याचे गजरे. जुन्या शहरातलं त्यांचं फुलांचं दुकान तुम्ही पाहिलं आहे. एक गजरा तिने मला माळला, दुसरा रामेनच्या दुकानात शिरल्याशिरल्या गल्ल्यावरच्या मुलीला देऊन टाकला. बसायच्या आत ओळख झाली!

मशरूमचे दोन वाडगे आले. मी काड्या उचलल्या. खरं सांगते, उत्तम जमलं. एकेक शेवई वर येत होती, थेंब सांडत नव्हता. मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "तुम्हाला काटाचमचा मागवू का?"

"कायले?" ती म्हणाली. तिने काड्या मुठीत धरल्या, वाडगा तोंडाशी नेला आणि असा भुरका मारला की शेजारच्या टेबलावरची कॉलेजची मुलं वळून बघायला लागली. मी पदर सावरला. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला सूप पिताना चमचा दाताला लागला तरी उभं करायच्या. माझी मान आपोआप ताठ झाली.

"ईनबाई, अशा उगीमुगी कावून खाऊन राहिल्या? भुरका मारा नं!"

विहीणबाई म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही. मी तिची ईनबाईच.

"इथे चारचौघांत?" मी म्हटलं.

"अवो, त्याईच्या देशात असंच खातेत. आवाज नाई केला तं बनवणाऱ्याले वाटते, बाईले आवडलं नाई. मले नातीनं शिकवलं. पयल्या दिवशी मी तुमच्यावानीच बसली होती. पोट्टी म्हणे, आजी, जोरात ओढ!"

"मला नाही बोलली कधी ती."

"कशी बोलन?" ती हसत सुटली. "मले म्हणे, अमरावतीच्या आजीले सांगू नको. ते रागावते."

माझ्या काड्यांतली शेवई परत वाडग्यात पडली. दोन उन्हाळ्यांपूर्वी, आमच्या डायनिंग टेबलावर, धाकट्याने रसाची वाटी तोंडाला लावून भुरका मारला होता. मी म्हटलं होतं, "तोंडाचा आवाज नको, आपण जनावरं नाही." पुढचा महिनाभर तुम्ही दोघं माझ्याकडे अगदी शहाण्यासारखं जेवलात. मी ते शेजारणींना कौतुकाने सांगत होते.

वाडगा मी संपवला, आवाज न करता. निघताना गल्ल्यावरच्या मुलीने तिला विचारलं, "काकू, आवडलं ना?" मला नाही विचारलं. मला तर आवडलं होतं.

संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून आले. मग तुमचा फोन आला. तिने तुम्हाला बसमधूनच सगळं सांगून टाकलं होतं, माझी बातमीसुद्धा! धाकट्याने विचारलं, "आजी, तू भुरका मारलास?" मी म्हटलं, "हो, मारला ना." ते खोटं होतं. त्यासाठीच हे लिहायला बसले.

काल मी एकटी पुन्हा गेले. कोपऱ्यातलं टेबल घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि ओढलं. पहिल्यांदा ठसका लागला, रस्सा साडीवर उडाला. दुसरा भुरका मात्र खणखणीत निघाला. गल्ल्यावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं.

या शनिवारी तुम्ही रामेन खायला बसाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल करा. मीही इथे वाडगा घेऊन बसेन. अकोल्याला नंतर लावा.