पाणाड्या आप्पांचा निकामी हिरो

“त्या हिरोला काढून टाका! पिक्चर तसाच संपतो का न्हाई, ते सांगा!”

माझ्या काकूच्या लिंबाच्या बागेत उभे राहून आप्पा ओरडत होते. तळहातावर आडवा नारळ, समोर बोअरची गाडी, आणि वाद चाललेला खजिना शोधणाऱ्या एका डब केलेल्या इंग्रजी पिक्चरच्या तिसऱ्या भागाचा. आप्पा आमच्या मिरजगावचे पाणाडे. हातावरचा नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी. आवाज असा, की त्यांनी इथं खाकरलं तर तिकडं कर्जतच्या म्हशी दूध चोरायच्या.

त्या मालिकेचे सगळे भाग आप्पांनी इतक्यांदा पाहिले होते, की त्यांचा टीव्ही कंटाळून मधेच डोळे मिटायचा. पिक्चरवर जीव, पण हिरोवर राग. “दगड चमकून वाट दावतो. भूकंप हुतो, दार उघडतं. व्हिलन आपल्या पायानं दरीत पडतो. मग ह्यो गडी करतो काय? नुसता भिजतो! चार भागांत त्यानं एकच गोष्ट सोता ठरवली. अंघूळ करायची न्हाई!”

काकूची लेक शैला त्यांची हक्काची विरोधक. “गुहेत जायचं तोच ठरवतो की, आप्पा.”

“ठरवतोय कशाचा! मागं वाघ लागतो म्हनून पळतो. वाघाला द्या की मग खजिना!”

आप्पांची आणखी एक रीत होती. पाणी लागलं की “आप्पानं काढलं”, आणि नुसता फुफाटा उडाला की “नारळानं दगा दिला.” काकूच्या शेतात नारळानं दोनदा दगा दिला होता. झाडं वाळत चालली होती. हाही बोअर कोरडा गेला तर बाग तोडायची, असं घरात ठरलं होतं.

म्हणूनच शैलाचा तोल गेला. “तुमचं तरी काय येगळं, आप्पा? नारळ उभा ऱ्हातो, तुमी त्याच्या मागं फिरता. तुमाला काढून नारळ माज्या हातावर ठिवला, तर पिक्चर बदलंल व्हय?”

आप्पा जन्मात पहिल्यांदा गप्प झाले. इतके, की ड्रायव्हरनं घाबरून गाडीचं इंजिन तपासलं. मग नारळ काकूच्या हाती देऊन ते बांधाकडं निघाले. पाण्याच्या खुणा शोधत उंबराखाली थांबले, वारूळ चाचपलं, मूठभर माती हुंगली, डोळे बारीक करून उतार पाहिला आणि एका जागी टाच रोवली.

“हितं मारा. नारळ न्हाई, मी सांगतोय. कोरडं गेलं तर शिव्या मला द्या.”

मशीन सुरू झालं. फुफाट्यावर फुफाटा. आप्पा पांढरे पडले. धुळीनं की धास्तीनं, कळेना. ड्रायव्हर मशीन बंद करायला निघाला तर हे त्याच्या अंगावर धावले, “आजून खाली जा!” आणि मग चिखल उसळला, पाठोपाठ पाणी. कारंजं ताडाएवढं उडालं, असं मी सांगतो. शैला म्हणते, कमरेएवढं. ती बुटकी नाही, पण मोजायला जरा कंजूष आहे. पाणी लागलं दीड इंची धारेचं, पण तेवढ्यावर बाग तगली.

आता आप्पा राहात्याला लेकीकडं असतात. तिथं पाटाचं पाणी. पाणाड्याला कोण विचारतो? जायच्या आधी ते बागेत आले. लिंबांनी वाकलेल्या फांद्या पाहून त्यांची छाती फुगली.

“वैनी, आता खरं सांगा. पानी कुनामुळं लागलं? नारळामुळं का माज्यामुळं?”

काकू खाली पडलेली लिंबं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, “हुतं म्हनून लागलं.”